दुकानांचा आकडा आणि वृत्तपत्रांची बातमी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विकिपीडियावर किरकोळ विक्रीच्या एखाद्या मोठ्या साखळीची नोंद वाचताना वाचकाला दिसतो तो फक्त शेवटी टिकून राहिलेला मजकूर. त्या मजकुरामागे किती ओढाताण झाली, हे प्रत्येक बदलाची यादी ठेवणारे ‘इतिहास’ आणि लिहिणाऱ्यांचे वाद जेथे चालतात ते ‘चर्चा’ ही पाने उघडल्याशिवाय कळत नाही. अशा नोंदींवर मी काही वर्षे काम करीत आहे आणि या वादांची मुळे पुष्कळदा वृत्तपत्रांच्या पानांत सापडतात, म्हणून हे पत्र.

कंपनीला अडचणीचा मजकूर सरळ पुसला गेला, तर तो लगेच लक्षात येतो. अवघड असतो तो मोजमाप बदलणारा फेरफार. २००७ साली ‘विकिस्कॅनर’ या साधनामुळे निनावी बदल कोणत्या संस्थेच्या संगणक-जाळ्यावरून झाले, हे पडताळणे सोपे झाले, आणि वॉलमार्ट या अमेरिकी किरकोळ विक्री साखळीच्या जाळ्यावरून २००५ मध्ये झालेला एक बदल उजेडात आला. तेथील वेतन इतर किरकोळ दुकानांपेक्षा सुमारे २० टक्के कमी आहे, असे आधीचे वाक्य सांगत होते; त्याच्या जागी तेथील सरासरी वेतन अमेरिकेच्या संघीय किमान वेतनाच्या जवळपास दुप्पट आहे, असे वाक्य आले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले प्रतिस्पर्ध्यांशी तुलना करते, दुसरे कायद्याने घातलेल्या किमान मर्यादेशी, आणि वाचकाच्या मनात कंपनीचे कोणते चित्र उभे राहावे, हे त्या निवडीवरच ठरते.

माझ्या अनुभवातला वाद दुकानांच्या संख्येचा होता. एका साखळीच्या नोंदीत विकिपीडियाचा एक संपादक आजवर उघडलेल्या सगळ्या दुकानांचा आकडा देत होता, तर दुसरा बंद पडलेली वजा करून उरलेल्यांचा. चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे संपादन उलटवू नये, हा नियम दोघांनीही मोडला आणि अखेर पान काही दिवस ‘सुरक्षित’, म्हणजे संपादनासाठी बंद, करावे लागले. चर्चा पानावर मोठ्या आकड्याच्या बाजूने चार दैनिकांच्या बातम्या पुढे आल्या, म्हणजे वरकरणी चार स्वतंत्र पुरावे. मी त्या शेजारी शेजारी उघडून ओळीने वाचल्या, तेव्हा परिच्छेदांचा क्रम तोच, विशेषणे तीच, इतकेच काय, एका शब्दातली शुद्धलेखनाची चूकही चारही ठिकाणी तीच निघाली. तो मजकूर कंपनीचे प्रसिद्धिपत्रक होता आणि चौघांनीही तो बातमी म्हणून जसाच्या तसा छापला होता.

विकिपीडियावर संपादकाला स्वतःचे संशोधन लिहिता येत नाही. मी स्वतः हिंडून सगळी दुकाने मोजली, तरी तो आकडा नोंदीत घालण्याचा मला अधिकार नाही, आणि तो नियम योग्यच आहे. मोबदला घेऊन लिहिणाऱ्यांनी तसे जाहीर करावे, हे बंधन २०१४ पासून वापराच्या अटींमध्ये आहे. परंतु कंपनीचाच मजकूर वृत्तपत्राच्या नावाने संदर्भ म्हणून येतो, तेव्हा हे बंधन त्याला लागूच होत नाही, कारण नोंद करणारा संपादक प्रामाणिकपणे एका प्रतिष्ठित दैनिकाचा हवाला देत असतो.

म्हणून आपल्याला आग्रहाची विनंती आहे की, प्रसिद्धिपत्रकावर आधारलेल्या मजकुराखाली तसा स्पष्ट उल्लेख असावा. दुकाने, कर्मचारी किंवा उलाढाल यांचा आकडा छापताना तो कोणत्या तारखेचा आहे, त्यात काय धरले आहे आणि तो कोणी दिला, हे एका वाक्यात सांगावे. बातमीत पुढे दुरुस्ती झाली, तर ती संकेतस्थळावर मूळ बातमीखालीच नोंदवावी, कारण ज्ञानकोशातील दुवा त्याच पत्त्यावर जातो.

मी उल्लेख केलेल्या नोंदीत दुकानांच्या संख्येपुढे ‘स्वतंत्र संदर्भ हवा’ हा शेरा आजही तसाच आहे.

आपला नम्र,
एक वाचक