रेघ हातात नसली तरी

बडोदे, 19 जानेवारी 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिळालं. लगेच लिहायला बसणार होतो, पण उत्तरायणाचे दोन दिवस बडोद्यात गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही. आमच्या गच्चीवर तर माझा प्लाय पसरलेला होता. तो आवरून पोरांना पतंगासाठी जागा करून देण्यातच वेळ गेला.

पुस्तकांच्या कपाटासाठी टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) घ्यायचं तुझ्या मनात आहे. घेऊ नकोस, निदान आत्ता तरी नको. आठ बाय चार फुटांची 18 मि.मी.ची प्लायची शीट तीस किलोच्या वर भरते. एवढं धूड एकट्याने छोट्या टेबलावरून सरळ ढकलत नेता येत नाही. शेवटच्या दोन फुटांत ते तिरकं होतं आणि पातं अडकतं. त्यापेक्षा शीट जमिनीवर निजवावी आणि हातातलं यंत्र तिच्यावरून न्यावं.

मी यात कसा पडलो ते तुला अर्धंच ठाऊक आहे. ऑगस्ट 2024 च्या शेवटी विश्वामित्री नदी घरात शिरली, रस्त्यांवर मगरी निघाल्या, ते सगळं फोनवर सांगितलं होतंच. ओट्याखालची कपाटं दोन दिवस पाण्यात होती. पार्टिकल बोर्डची होती ती. हा बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेली फळी. एकदा पाणी प्यायली की फुगते आणि वाळल्यावरही पुन्हा बसत नाही. पाणी ओसरल्यावर शटरं बिजागऱ्यांसकट हातात आली. गल्लीत सगळ्यांची तीच गत, सुतार मिळेना. आई या वयात पलंगाखालून वाकून वाकून डबे काढायची, ते पाहवेना. म्हणून सर्क्युलर सॉ (गोल पात्याची, हातात धरायची विजेची करवत) आणली आणि लातीतून (लाकडाच्या वखारीला इकडे लाती म्हणतात) प्लाय आणला. या वेळी घेतला तो आयएस 710 चा, 72 तास पाण्यात उकळून ज्याचा चिकटपणा तपासतात तो. नदी पुन्हा येणार नाही असं इथे कोणी म्हणत नाही.

सुताराच्या हातात सरळ रेघ असते, वर्षानुवर्षांच्या सवयीने बसलेली. तुझ्यामाझ्या हातात ती नाही. पहिल्या दिवशी पेन्सिलच्या रेघेवरून नुसत्या नजरेने कापायला गेलो आणि चार फुटांत कड दोन सूत (पाव इंच) सरकली. मग शिकंज्याची (क्लॅम्पची) पट्टी आणली. ॲल्युमिनियमची जाड पोकळ पट्टी, एका टोकाला पक्का जबडा, दुसऱ्या टोकाला सरकता. शीटच्या दोन्ही कडा जबड्यांत धरून खटका दाबला की पट्टी हलत नाही. वेगळे शिकंजे लावले तर त्यांची डोकी वर येतात आणि यंत्राच्या मोटरला अडतात. या पट्टीवर वर काहीच येत नाही, यंत्राचा तळ तिला घासून सुरळीत जातो. चार फुटी आडव्या कापासाठी पन्नास इंची पट्टी पुरते.

पण पट्टी रेघेवर लावायची नसते, आणि सगळी मेख इथेच आहे. यंत्राच्या तळाची कड आणि पातं यांत अंतर असतं. माझ्या यंत्रात ते 118 मि.मी. आहे. तुझं किती, ते रद्दी तुकड्यावर पट्टी लावून, कापून, मग पट्टीपासून कापाच्या कडेपर्यंत मोजून काढ. यंत्राबरोबरच्या कागदावरचा आकडा घेऊ नकोस. मी नेमक्या तेवढ्याच रुंदीची एक फळी कापून ठेवली आहे. रेघेला एक कड लावायची, दुसऱ्या कडेला पट्टी टेकवायची. दोन्ही टोकांना तीच फळी, म्हणजे टेपचा प्रश्नच उरत नाही. शेवटी आजोबांचा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून पाहतो. सयाजीरावांनी 1890 साली प्रा. गज्जरांच्या हाती कलाभवन ही हुन्नर शिकवणारी संस्था सोपवली, तिथे आजोबा सुतारकाम शिकले. तो पितळी गुण्या घरात इतकी वर्षं नुसता टांगलेला होता. आता रोज हातात असतो, आणि त्याने काटकोन पाहताना मला फार बरं वाटतं.

पात्याची जाडीही लाकूड खाते. माझं पातं जवळजवळ 2 मि.मी. खातं. कपाटाच्या पहिल्या खोक्याची एक बाजू मी रेघेच्या आतून कापली, दुसरी बाहेरून, आणि ते खोकं ओट्याखाली डुगडुगू लागलं. तेव्हापासून पट्टी नेहमी ठेवायच्या भागावर लावतो. हात सुटलाच तर यंत्र टाकाऊ भागात जातं, कामाचा तुकडा वाचतो. आणि डावी-उजवी बाजू जोडीने कापतो, पट्टी न हलवता.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. शीट फक्त दोन टोकांना पाटांवर ठेवून कापू नकोस. मी ठेवली होती. काप संपत आला तसे दोन्ही तुकडे मध्ये खचले, पात्याला चिमटा बसला आणि यंत्र उसळून माझ्याकडे आलं. मी बाजूला उभा होतो म्हणून बचावलो. त्या दिवशी पुढे काम केलं नाही. आता शीटखाली दोन इंची थर्मोकोल पसरतो. पातं प्लायच्या खाली पाचेक मिलिमीटर उतरेल एवढंच ठेवतो. ते थर्मोकोलमध्ये चरा पाडतं, बाकी काही होत नाही, आणि कापलेले दोन्ही भाग जागच्या जागी राहतात. यंत्राच्या थेट मागे कधी उभा राहू नकोस. चष्मा, कानाला बोळे, तोंडाला फडकं, हे तुला सांगायला नको.

सर्क्युलर सॉचे दात खालून वर कापतात, म्हणून वरच्या बाजूच्या चिपा उडतात. चांगली बाजू खाली ठेवावी. दोन्ही बाजू दिसणार असतील तर रेघेवर कागदी टेप लावून सुरीने चर पाडावी. पातं 40 दातांहून कमी नको.

आठ फुटी उभ्या कापाला मात्र मी प्लायचीच पट्टी वापरली, कारखान्यातून आलेली सरळ कड असलेली. लांब पट्टी मध्यावर लवते. यंत्र तिच्यावर रेटायचं नाही, हलकं टेकवून न्यायचं. लवते की नाही ते ताणलेल्या दोऱ्याने आधीच दिसतं.

हिशेब असा बसला. सगळे आकडे मि.मी.मध्ये. 1220 च्या रुंदीतून 560 च्या दोन उभ्या पट्ट्या निघतात, आणि पात्याने खाऊन 96 च्या आसपासची एक चिंचोळी पट्टी उरते. ती खोक्याच्या वरच्या आडव्या पट्ट्यांना पुरते. प्रत्येक 560 च्या पट्टीतून 720 उंचीच्या तीन बाजू. 900 रुंदीच्या खोक्याचा तळ 864, कारण दोन्हीकडे 18 जातात. फक्त 18 म्हणून विकलेला प्लाय खरोखर तेवढा आहे का, ते कापायच्या आधी मोज. माझा थोडा कमीच भरला आणि सगळे तळ पुन्हा मांडावे लागले. खोकं जोडताना दोन्ही कर्ण मोजले, चारही खोक्यांचे सारखे आले. तेव्हा आईला हाक मारली. तिने शटर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि पिठाचा डबा आणून ठेवला. सगळी खोकी जमिनीपासून चार इंच वर, पीव्हीसीच्या पायांवर उभी आहेत.

तुझं कपाट भिंतीतल्या कोनाड्यात बसवायचं आहे ना? मग रुंदी वर, मध्ये आणि खाली, तीन ठिकाणी मोजून पाठव. जुन्या भिंती सरळ नसतात. मी इथे कागदावर शीट मांडून देतो, म्हणजे दोन शीट लागतील की तीन ते कळेल. पन्नास इंची पट्टी माझं काम संपल्यावर रिकामीच आहे, शिवरात्रीला येशील तेव्हा घेऊन जा.

काकांना आणि वहिनींना नमस्कार. आईने तुझी आठवण काढली आहे.

तुझाच,
बडोदेकर