तेहेतीस पानी पत्र

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुमे,

तुझं पत्र गुरुवारी आलं. "बोलते की चुरूचुरू, वर्गात पहिल्या पाचांत असते, मुलीला कसला ऑटिझम?" असं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी वहिनींना परत पाठवलं, हे वाचून आधी चिडले, मग गप्प झाले. का, ते पुढे सांगते.

पत्रावरून निदान होत नसतं, तेव्हा भाचीला काय आहे ते मी सांगणार नाही. पण त्या वाक्यामागची खोड जुनी आहे: मनातल्या साच्यात न बसणारं मूल मोजायचंच नाही.

1943 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या मुलांच्या मनोविकारतज्ज्ञांनी ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्न, 11 मुलांवर निबंध लिहिला. आमचा विषय बहुतेक पुस्तकांत तिथूनच सुरू होतो. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपीतला डोनाल्ड. त्याच्या वकील वडिलांनी मुलाबद्दल 33 पानांचं टाइप केलेलं पत्र धाडलं होतं. मला निबंधापेक्षा ते पत्रच जास्त आठवतं. एवढं लिहायचं तर सवड लागते, टाइप करून देणारं कुणीतरी लागतं आणि लांबच्या शहरातला मोठा डॉक्टर आपलं वाचेल हा भरवसाही लागतो. त्याच मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या काळ्या बाईचं पोर तसंच असतं तर कोण लिहिणार होतं 33 पानं? कॅनरना सगळी मुलं हुशार, शिकलेल्या घरांतली दिसली. मग पुढे कित्येक वर्षं शिकलेल्या, मायेला 'थंड' आयांनाच मुलाच्या ऑटिझमचा दोष दिला गेला. अगं, दारात जे आले तेच मोजले!

लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड या दोघी ब्रिटिश संशोधकांनी उलटं केलं. दवाखान्यात वाट बघत बसण्याऐवजी लंडनच्या कॅम्बरवेल भागातली मुलंच हुडकून काढली. त्यांचा निबंध 1979 चा. तशी मोजदाद केल्यावर श्रीमंत-गरीब हा फरक उरला नाही.

तरी खोड जात नाही बघ. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सरकारी विम्यावरच्या मुलांचा अभ्यास झाला, 2002 मध्ये छापून आला. शहर एक, विमा एक. पण गोऱ्या मुलांचं निदान सरासरी 6.3 व्या वर्षी आणि काळ्यांचं 7.9 व्या. पुढच्या अभ्यासात दिसलं की काळ्या मुलांवर आधी वात्रटपणाचा किंवा असा दुसराच शिक्का बसण्याची शक्यता जास्त. आता अमेरिकेत तपासणी वाढलीय, तर तिथल्या 2020 च्या मोजणीत आठ वर्षांच्या काळ्या मुलांतलं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं. रक्त काही वीस वर्षांत बदलत नाही. बघणारे डोळे बदलले.

आता मुली. कॅनरच्या 11 त तिघी होत्या. पुढे 'चार मुलग्यांमागे एक मुलगी' हे आम्ही परीक्षेत घोकलं. 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा ते तिनाला एकच्या जवळ आलं. अशी मुलगी मैत्रिणीचं हसणं उचलते, वाक्यं पाठ करते, शाळेत दिवसभर धकवते आणि घरी आली की फुटते. तू लिहिलंस ना, भाची दप्तर टाकते, फ्रॉकचं लेबल कापायला कात्री मागते आणि कोल्हापूर-सांगली एसटीच्या वेळा म्हणत तासभर कोपऱ्यात बसते? बाई म्हणतात गुणी, आजी म्हणते लाजरी. मुलगा असता तर एव्हाना दहा जणांनी बोट दाखवलं असतं.

आपल्याकडे अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने केलेली ऑटिझमची मोजपट्टी वापरतात. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 70 च्या खाली आलं की ऑटिझम नाही. पहिलाच मुद्दा, नजरेला नजर देत नाही. आता सांग, मोठ्यांसमोर मान खाली घालायला आपणच शिकवलेली मुलगी इथे कशी मोजायची? मोजपट्टी वाईट नाही, मी रोज वापरते. पण तिच्यामागे बसून घाईत आकडे भरणारा माणूस वाईट ठरू शकतो.

गप्प का झाले, ते आता. सहा वर्षांपूर्वी अशीच एक सातवीतली मुलगी माझ्यासमोर आली होती. नम्र, नीट उत्तरं देणारी. मी 'लाजाळू, काळजी नको' असं लिहून दिलं. गेल्या वर्षी ती कॉलेज सोडून परत आली, तेव्हा मी तिच्या आईला पहिल्यांदा नीट दोन तास ऐकलं. त्या डॉक्टरांवर चिडायचा हक्क मला कितीसा आहे, तूच सांग.

तर असं कर. वहिनींना एक वही दे. भाची शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय करते ते पंधरा दिवस लिहायला सांग. शुद्धलेखन गेलं उडत. लहानपणी बोलणं कधी सुरू झालं, खेळायची कशी, तेही. दादाला सांग, पोरीसमोर 'वेड' हा शब्द नको. मग दिवाळीच्या सुट्टीत तिघी या. तिला कोल्हापूरहून एसटीनेच आण, खिडकीशी बसव.

येताना तांबड्या रश्श्याचा मसाला आणायला विसरू नकोस. मागच्या वेळचा संपून तीन महिने झाले.

तुझी,
निमा