८५च्या अलीकडचा मुलगा

धरमपेठ, नागपूर

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. ‘मानसशास्त्रात एम.ए. करून शाळेत करणार काय? मुलांशी गोड बोलायचं, एवढंच ना?’ असं तुमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं आणि तुला उत्तर सुचलं नाही, असं लिहिलंस. तू खरंच मी शिकतेय त्या शालेय मानसशास्त्राच्या वाटेनं यायचं म्हणतेस, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे शालेय मानसशास्त्रज्ञ होण्याचा एकच ठरलेला रस्ता नाही. अमेरिकेत त्यासाठी स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो, १२०० तासांची इंटर्नशिप असते आणि त्यातले निदान ६०० तास शाळेत काढावे लागतात. इथे एम.ए., मग समुपदेशनाची पदविका, आणि प्रत्यक्षकामाला जी शाळा मिळेल तिथे जे पदरात पडेल ते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. फी भरण्याआधी हे नीट विचारून घे.

आता चाचण्यांचं सांगते. आम्ही वापरतो ती मुलांची बुद्धिमापन चाचणी मूळ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांची. तिचं भारतीय रूप डॉ. आर्थर मालिन यांनी १९६०च्या दशकात तयार केलं, तेही आपल्या नागपुरात! मूल वयाप्रमाणे स्वतःची कामं आणि चारचौघांतला वावर किती जमवतं हे मोजणाऱ्या व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता श्रेणीचं त्यांनी केलेलं रूपांतर तर देशभर ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखलं जातं. वर्गात हे ऐकलं तेव्हा ऊर भरून आला होता. पण तेव्हाच्या मुलांवरून ठरलेले निकष आजच्या मुलाला लावताना जीव घाबरतो, हेही खरं.

पूर्व नागपुरातल्या एका शाळेत मला पाचवीतला एक मुलगा तपासायला दिला. नाव विचारू नकोस. घरी छत्तीसगढी, गल्लीत हिंदी, शाळा इंग्रजी माध्यमाची, वर मराठी विषय. बाईंचा शेरा होता: ‘आळशी, लक्ष नसते.’ चाचणीतल्या शब्दार्थांच्या भागात तो दोन-तीन शब्दांनंतर गप्पच झाला, खाली बघत बसला. मग मी लाल-पांढरे ठोकळे पुढे ठेवले. कार्डावरचं चित्र ठोकळ्यांनी जुळवायचं असतं, हातात स्टॉपवॉच. तो पुढे सरकला, कोपरं टेबलावर टेकवली. शेवटचा ठोकळा चारी बाजूंनी फिरवून बघत होता आणि वेळ संपली. मी हात पुढे करताच म्हणाला, “मॅडम, रुको ना, बन रहा है.” थांबले. त्यानं चित्र पूर्ण केलं, अगदी बरोबर. नियमाप्रमाणे गुण शून्य. पण बाजूला मी लिहून ठेवलं: ‘वेळेनंतर पूर्ण केले.’ आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम गुणांच्या आधी हे बाजूचं लिखाण वाचतात.

एवढं का जपायचं, ते सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन-गणितात अडणं. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे (त्या २०२४ मध्ये बदलल्या) आधी बुद्ध्यंक काढायचा असे. तो ८५ च्या वर असेल तरच पुढे निम्हान्सची, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची, वाचन-लेखन-गणिताची चाचणी. परीक्षेतला जास्तीचा वेळ, लेखनिक, सगळं या तपासणीनंतर मिळणाऱ्या अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर. आता ज्याला प्रश्नाची भाषाच परकी, त्याचे शाब्दिक गुण कमी येणार, तो ८५ च्या अलीकडे राहणार आणि त्याला दार बंद! बुद्धी कमी म्हणून नव्हे, विचारणाऱ्याची भाषा चुकली म्हणून. सुनंदा, मला या शिक्षणातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आकडा काढायला कुणीही शिकेल. तो आकडा त्या मुलाचा आहे की त्याच्या माध्यमाचा, हे ओळखायला शिकायला वर्षं जातात.

आम्ही तेच प्रश्न त्याला हिंदीतून विचारले आणि ती उत्तरं वेगळी नोंदवली. तो बोलायला लागला. मग हिंदीची वही मागवली. तिथेही मात्रा गळलेल्या, ‘ध’ चा ‘घ’, ओळ सुटलेली. अडचण फक्त इंग्रजीची असती तर हिंदी वाचन बरं निघालं असतं. दोन्हीकडे तीच गत, म्हणजे पुढची तपासणी हवीच. वडील मिस्त्रीकाम करतात. एक दिवसाची मजुरी सोडून आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पगला तो नहीं है ना?” त्यांना ती ठोकळ्यांची गोष्ट सांगितली. अहवालात ‘आळशी’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही.

नोकऱ्यांचं म्हणशील तर, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमायला सांगितलंय. कागदावरून वर्गापर्यंत ते यायला वेळ लागेल. काही शाळा आजही समुपदेशकाला ऑफ तासावर पाठवतात, आणि मला त्याचा फार राग येतो.

तू ये. वर्गात उभं राहून तू जे पाहिलंयस ते आमच्यातल्या कितीतरी जणींनी पाहिलेलं नाही. मागे तू तिसरीतल्या त्या दोन मुलींबद्दल लिहिलं होतंस ना, तोंडी सगळं येतं पण लिहिताना अडतं? दिवाळीत येशील तेव्हा त्यांच्या मराठीच्या आणि गणिताच्या वह्या घेऊन ये, चुका आणि खाडाखोड असलेल्याच हव्यात. आणि वर्गात आपसात त्या कोणती भाषा बोलतात, तेवढं बघून ठेव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
अपर्णा