फोर्क खराब आहे, माझं सॅग मोजणं नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सायकलचा 150 मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) एअर फोर्क, पुढच्या चाकाचा हवेचा शॉक, आपोआप खाली बसतो, पाच फोन करूनही वॉरंटीत दुरुस्ती नाही

आज दुपारी तुमच्या माणसाने मला पाचव्यांदा सॅग, म्हणजे सायकलवर बसल्यावर फोर्क किती दबतो ते, मोजायला शिकवलं. फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो.

सायकल भिंतीला टेकवून उभी असते, तिच्यावर कोणी बसलेलं नसतं, तरी फोर्क 19 मिमी खाली असतो. नवा होता तेव्हा डस्ट सीलपासून क्राउनपर्यंत (वरच्या जोडापर्यंत) स्टँशन, म्हणजे फोर्कची आत सरकणारी नळी, 152 मिमी उघडं दिसायचं. आज सकाळी मोजलं तर 133. पुढचं चाक पायांनी दाबून धरलं आणि हँडल वर ओढलं की फोर्क नाखुशीने वर येतो, आणि हात सोडला की आतून कोणी खेचावं तसा परत खाली जातो. फोर्क वर धरणाऱ्या पॉझिटिव्ह चेंबरमधली हवा सीलमधून त्याला खाली खेचणाऱ्या निगेटिव्ह चेंबरमध्ये शिरते आहे, हे तुमच्या कारखान्यातल्या कोणालाही एवढ्या वर्णनावरून कळायला हवं.

हवा मी तुमच्या तक्त्याप्रमाणेच भरली आहे. हेल्मेट, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी धरून माझं वजन 82 किलो भरतं, त्या रकान्यात 84 पीएसआय लिहिलं आहे. दर 20 पीएसआयला थांबून फोर्क दहा वेळा सावकाश दाबला, म्हणजे दोन्ही चेंबरमधला दाब सारखा व्हावा. कम्प्रेशन (फोर्क दबताना होणारा अडथळा) पूर्ण उघडं ठेवलं. सगळी हवा सोडून, फोर्क ओढून पूर्ण लांब करून, पुन्हा पहिल्यापासूनही भरून पाहिली. तेव्हा फोर्क छान वर राहतो. दोन राइड झाल्या की पुन्हा 19 मिमी खाली. असं मी चार वेळा केलं आहे.

आता आजचा फोन. तुमच्या माणसाने ओ-रिंगचा, म्हणजे फोर्क किती दबला ते दाखवणाऱ्या स्टँशनवरच्या रबरी कड्याचा, आकडा विचारला. मी म्हटलं, 22 मिमी. तो म्हणाला, "सर, म्हणजे पंधरा टक्केसुद्धा नाही. हवा जास्त झालीय, कमी करा." मी सांगितलं की फोर्क आधीच 19 मिमी खाली बसलेला आहे, ओ-रिंग तिथून पुढचं मोजते, दोन्ही मिळून 41 होतात, म्हणजे सत्तावीस टक्के. त्यावर तो म्हणाला, "सॅग बसल्यावर मोजायचा असतो सर, न बसता नाही." मी पुन्हा सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग विचारलं, "एअर फोर्क पहिल्यांदाच वापरताय का?"

पहिल्यांदा नाही. याआधी सहा वर्षं तुमचाच फोर्क वापरला आणि त्याच भरवशावर हा घेतला. लोअर लेगचं तेल मी स्वतः बदलतो. मला हा प्रश्न विचारणारा माणूस निगेटिव्ह चेंबर हा शब्द उच्चारायला तयार नव्हता. त्याच्या समोरच्या कागदावर सॅग एवढंच लिहिलेलं असावं, आणि कागदाबाहेरचं काही ऐकायची त्याला परवानगी नसावी. दोष त्या मुलाचा कमी आणि त्याला तो कागद देणाऱ्यांचा जास्त आहे. पण अपमान माझा झाला.

याआधीच्या एका फोनवर मला सांगितलं होतं की पंप काढताना फुस्स आवाज येतो तेव्हा माझ्याकडून हवा जाते. तो आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, फोर्कच्या नाही. व्हॉल्व्ह तोवर बंद झालेला असतो. शॉक पंप विकणाऱ्या कंपनीला हे ग्राहकाने सांगायचं? दुसऱ्या एका फोनवर टोकन (फोर्कमधली हवेची जागा कमी करणारे तुकडे) वाढवायला सांगितलं. टोकनने शेवटच्या टप्प्यातला कडकपणा वाढतो, फोर्क वर येत नाही. आणि पाचही फोनवर सॅग. पाचही फोनवर मी सांगितलं की तक्रार सॅगची नाही.

रस्त्यावर याचा अर्थ काय होतो तेही वाचा. पुढची बाजू खाली गेल्यामुळे उतारावर वजन हातांवर येतं, ट्रॅव्हल 131 मिमीच उरतो, आणि वरचे लहान धक्के फोर्क गिळतच नाही, ते थेट मनगटात येतात. मागच्या आठवड्यात दगडांच्या पट्ट्यात पुढचं चाक अडकलं आणि मी हँडलवरून पुढे गेलो. खांदा अजून दुखतो आहे.

फोर्क चार महिन्यांचा आहे आणि वॉरंटीत आहे. पिस्टन आणि सीलसह पूर्ण एअर स्प्रिंग बदलून द्या, किंवा फोर्क परत घेऊन पैसे द्या. उत्तर सात दिवसांत आणि लेखी हवं. ते आलं नाही तर कायद्याने जे करता येतं ते मी करीन. मोजमापांचे फोटो आणि पाचही फोनच्या तारखा माझ्याकडे आहेत.

पुन्हा फोन करायचा असेल तर ज्याने हा फोर्क कधी उघडून पाहिला आहे, त्यानेच करावा.

आपला सहा वर्षांचा ग्राहक