ताडपत्री धरणाऱ्यांचे आभार

बेळगावहून बिऱ्हाड गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हलवलं. सोबत आई, मुलं आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या माझ्या लाखेच्या ग्रामोफोन तबकड्या. त्या आडव्या रचल्या की वजनानं तडकतात. चोर्ला घाट उतरून केरीत आलो आणि भर पावसात टेम्पो बंद पडला. (गायिका केसरबाई केरकरांचं केरी ते फोंड्यातलं, हे दुसरं.) नाक्यावरच्या मंडळींनी नावगाव न विचारता ताडपत्री धरली, पेट्या उभ्याच दुसऱ्या गाडीत चढवल्या. आईला गरम पेज देणाऱ्या मावशी, भाडं न घेणारे पिकअपवाले दादा, ‘कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, बुरशी येते’ असं बजावणारे शेजारचे आजोबा, सगळ्यांना देव बरें करूं! एकही तबकडी फुटली नाही. ऐकायला केव्हाही या, चहा आमच्याकडे.