बूट नको पाठवू

प्रिय मित्रा,

का बे, कसा आहेस? तुझा मेसेज वाचला, "तू वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवतोस ना, वीस जोड बूट पाठवतो, पोरांचे साइज सांग." खूप बरं वाटलं यार, खरंच. पण बूट नको पाठवू. फोनवर सांगितलं असतं तर भांडलो असतो म्हणून लिहितोय, मोठं झालं तर शिव्या देऊ नको.

मागच्या वर्षी एकांनी तीस जर्स्या दिल्या, बॅनर लावला, फोटो काढले, समोसे खाऊन गेले. तेव्हा आमच्याकडे बॉल एकच होता आणि त्याचंही ब्लॅडर गेलेलं. जर्स्या पोरं आता लग्नात घालून जातात, चांगल्या दिसतात म्हणा. बुटांचंही तेच होतं, दोन भाऊ आहेत, त्यांना कुणीतरी एकच जोड दिला, तर एक उजवा घालून खेळतो आणि धाकटा डावखुरा म्हणून डावा. कुणाला काही प्रॉब्लेम नाही. बूट नाहीत म्हणून प्रॅक्टिसला आलं नाही असं एकही पोर मला तीन वर्षांत भेटलं नाही.

येत नाहीत त्याची कारणं वेगळीच असतात. ग्राउंडवर लग्नाचा मांडव पडतो, उठला की सगळीकडे खिळे, काचा, पत्रावळी. आधी मी एकटाच वेचायचो आणि वैतागायचो. मग नैरोबीच्या मथारे वस्तीबद्दल वाचलं, तिथे 1987 पासून पोरांची लीग चालते आणि वस्तीतला कचरा साफ केला की त्याचे पॉइंट लीगच्या टेबलात जमा होतात. म्हटलं आपण पण करू. आता खिळे वेचायचे पॉइंट आहेत, तर एका टीमनं वेचायला चुंबक आणलंय, स्पीकरमधून काढलेलं!

आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 ला सुरुवात केली ते तर तुला माहीतच आहे, हिस्लॉप कॉलेजला स्पोर्ट्स टीचर होते, पावसात पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती ते बघून त्यांना बॉल दिला. त्याचंच पुढे स्लम सॉकर झालं, वस्तीतल्या पोरांना फुटबॉल खेळवणारी संस्था, 2016 ला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड पण मिळाला. लोकांना त्यातली बादली लक्षात राहते. मला विचारशील तर पुढे इतकी वर्षं रोज कुणीतरी तिथे हजर राहिलं, सगळं त्यात आहे.

आणखी एक उचललंय. कोलंबियात मेडेयिनला 1994 मध्ये आंद्रेस एस्कोबारचा खून झाला ना, वर्ल्ड कपमध्ये सेल्फ गोल केलेला तो डिफेंडर, त्यानंतर तिथे पोरापोरींच्या मिक्स टीम खेळवायला लागले, रेफरी नाही, नियम आधी बसून ठरवायचे, मॅच झाली की परत बसून एकमेकांना पॉइंट द्यायचे, आणि टीमचा पहिला गोल मुलीनंच मारायचा. आमच्या मोठ्या पोरांना हे अजिबात पटलं नाही. "सर, मग तर आपण हरतो ना." दोन आठवडे नुसती कटकट. तिसऱ्या आठवड्यात बघतो तर तेच पोट्टे एका पोरीच्या घरी गेलेले, तिला खेळायला पाठवा म्हणून, कारण ती नसली की यांचा स्कोअर उघडतच नाही.

ती तेरा वर्षांची आहे. संध्याकाळी सहाला नळ येतो आणि पाणी भरायचं काम तिचं, म्हणून यायची नाही. आम्ही टाइम पाचचा केला. मग तिची आई म्हणाली, "मुलींसोबत बाई कोण असते?" मला उत्तर नव्हतं. बरोबरच विचारलं बाईनं.

तर पैसे पाठवायचेच असतील तर त्यासाठी पाठव. वस्तीतलीच एक पोरगी बीएच्या फर्स्ट इयरला आहे, आधी आमच्याकडेच खेळायची, रोज यायला तयार आहे, पण दुपारी दुकानात काम करते ते सोडावं लागेल. महिन्याला तीन हजार धर. एकदाच नको, वर्षभर दर महिन्याला, नाहीतर चार महिन्यांनी तिला नाही म्हणायला मलाच लागेल आणि ते माझ्याच्यानं होणार नाही. याचा फोटो बिटो काही मिळणार नाही तुला.

जमत नसेल तर सरळ सांग, राग नाही. दिवाळीत येशील तेव्हा पाच वाजता ग्राउंडवर ये, चप्पल घालूनच ये, अजून खिळे सापडतात. आणि हवा भरायच्या पंपाच्या पिना आण डझनभर, पोट्टे दर आठवड्याला एक मोडतात.

तुझाच,
मी

(काकूंना नमस्कार सांग, गुडघा कसा आहे आता?)