अवीचा एमआरआय नॉर्मल आला

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री अकरा

प्रिय सुमे,

मंगळवारी अवी आला होता. मी कॉलेजातून येऊन नुकती ओट्याशी उभी राहिले होते, पोळ्या व्हायच्या होत्या, तोंड उतरलेलं असणारच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, दमलीस का गं?" एवढंच. मी पोळपाटाकडे तोंड फिरवलं आणि रडले. रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? दमली होतीसच की." बरोबर आहे त्यांचं. म्हणून तुला लिहितेय. गणपतीपासून हा मुलगा भेटेल तेव्हा एकच विचारायचा, "चिडलीस का माझ्यावर?" हसले तरी चिडलीस, गप्प बसले तरी चिडलीस. काकू आजारी असताना तुला "डोळे कशाला वटारतेस" म्हणायच्या आणि तू आरशासमोर जाऊन स्वतःचे डोळे बघून यायचीस, तसंच अगदी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने माझा चेहरा होता तसा वाचला.

माझं बीपी गोळीवर ठीक आहे, गुडघा होता तिथेच आहे. झालं तब्येतीचं.

आता खरी काळजी ऐक. गोळी सुरू होऊन जेमतेम दोन-अडीच आठवडे झालेत. नैराश्यावरची, एस्सिटालोप्राम, १० मिलिग्रॅम. पहिल्या आठवड्यात मळमळ, झोपेचे तुकडे. "ताई, त्रास रोख आणि फायदा उधार," म्हणाला. (त्याला विनोद सुचला म्हणून मी मनात पेढे वाटले.) त्यात डोकं दुखतं म्हणून स्मिताच्या मामांच्या आग्रहाने एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल! तुझा विश्वास बसेल का, त्या नॉर्मल रिपोर्टने घरात जेवढा घोळ घातलाय तेवढा एखाद्या गाठीनेही घातला नसता. मामा म्हणतात, मेंदूत काही नाही तर मेंदूची गोळी कशाला, रोज उपवन तलावाला चार फेऱ्या मार. फेऱ्यांना माझी ना नाही, चालण्याने फरक पडतोच. पण अवीने त्या कागदातून जे काढलं ते भयंकर आहे. म्हणतो, "म्हणजे मला आजार नाहीच. मी मुळातच आळशी आणि नालायक आहे, हे आता मशीननेही सांगितलं."

मला त्याला हलवून सांगावंसं वाटलं की अरे, ते मशीन गाठ, रक्तस्राव, सूज बघतं. तुझं जे झालंय ते त्या फिल्मवर उमटतच नाही. २०१६ साली एक मोठा अभ्यास छापून आला, निरनिराळ्या देशांतले स्कॅन एकत्र करून. नैराश्याचे १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसं. रुग्णांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी जपणारा भाग, लहान निघाला, पण किती? सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास. अ आणि ब तुकडीची सरासरी एका मार्काने वेगळी असली, तर गठ्ठ्यातला एक पेपर उचलून तो कुठल्या तुकडीचा हे मी सांगू शकेन का? तसंच हे. एकट्या अवीच्या स्कॅनवरून आजार आहेही ठरत नाही आणि नाहीही ठरत नाही. आणि ज्यांना पहिल्यांदाच नैराश्य आलं होतं त्यांच्यात हा फरक सापडलाच नाही; तो होता पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्यांत आणि लहान वयात आजार सुरू झालेल्यांत. आजाराने आकार घटतो की मुळात आकार लहान असणाऱ्यांना आजार परत परत धरतो, हे त्यातून ठरत नाही. पण अवीची ही पहिली खेप आहे. मला ती शेवटची करायची आहे, सुमे.

तू म्हणशील, मंजी परत वर्गात शिरली. शिरले. आणि हिप्पोकॅम्पसचा विषय निघालाच आहे तर बांदोडकर कॉलेजमधलं माझं झुऑलॉजीचं जर्नल तू अजून परत दिलेलं नाहीस. मेंदूची आकृती माझी होती, तुझी नव्हे. सबमिशनच्या आदल्या दिवशी कोणी कोणाचं ढापलं याचा निकाल मी आजही तुझ्या बाजूने देणार नाही.

मामांनी मग व्हॉट्सॲपवर पाठवलं, "सेरोटोनिनची थिअरी खोटी ठरली." २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आधीचे सगळे अभ्यास चाळून सांगितलं की सेरोटोनिन, म्हणजे मेंदूत पेशींचे निरोप पोचवणारं रसायन, कमी पडल्यामुळे नैराश्य येतं याला ठोस पुरावा नाही. हे खरंच आहे आणि ते मान्य करायला मला काही अडचण नाही. पण आजार कशाने होतो आणि गोळीने माणूस बरा होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर २०१८ च्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आहे: ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर माणसं, २१ औषधं, आणि सगळीच्या सगळी नकली गोळीपेक्षा सरस. फार मोठ्या फरकाने नाही, पण सरस. मामांना मी हे लिहून पाठवलं, त्यांनी हात जोडल्याची खूण पाठवली. ती मानल्याची की निरोपाची, देव जाणे.

उशीर का लागतो हेही अवीला पटत नाही. गोळी काही तासांतच सेरोटोनिन परत ओढून घेणारी वाट अडवते. पण ते सोडणाऱ्या पेशींवरच त्याची मोजदाद ठेवणारे रिसेप्टर असतात. पातळी वाढली की ते पेशीला आवरतं घ्यायला लावतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये दिसलंय की हे रिसेप्टर सुस्तावायला दोन-तीन आठवडे जातात. कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगात तर २००३ साली असं दिसलं की उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी बनणं क्ष-किरणांनी बंद केलं, तर गोळीचा परिणामच होईना. माणसांत अशा पेशी किती बनतात यावर शास्त्रज्ञांची भांडणं चालू आहेत, ती चालू देत. आत काहीतरी हळूहळू नव्याने रचलं जातं, एवढं मला पुरतं.

पण मंगळवारनंतर ज्याने माझी झोप उडवली ते ऑक्सफर्डचं काम. २०१२. नैराश्याच्या रुग्णांना हीच गोळी, एवढाच डोस, फक्त सात दिवस दिला आणि स्कॅनरमध्ये घाबरलेले चेहरे दाखवले. उपचाराआधी त्यांचा अमिग्डाला, म्हणजे धोका हुंगणारा भाग, जास्त पेटत होता. सात दिवसांनी तो निरोगी माणसांसारखा झाला, आणि मन मात्र अजून फारसं हललेलं नव्हतं! आधी चेहरे बदलतात, गं. मन मागून येतं. कळलं ना मी ओट्याशी का रडले?

हे गोळीनेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एखादा दिवस बरा जातोच. पहिल्या गोळीने पूर्ण बरे होणारे साधारण तीनात एक, बाकीच्यांना डोस किंवा औषध बदलावं लागतं, समुपदेशन जोडावं लागतं. पण अवी आत्ताच म्हणतोय की महिनाअखेरीस बंद करतो. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायची, नाहीतर आजार उलटतो, असं डॉक्टर त्याच्यासमोर बोलले. तो खाली बघत होता. मरणाचे विचार येतात का, हेही मी त्याला सरळ विचारलं. आता नाही येत म्हणाला. "आता" शब्दावर मी थांबले नाही, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तिथेच बसून त्याच्या आणि स्मिताच्या फोनमध्ये भरला.

माझं तो ऐकत नाही. मी ताई, आणि वर शिकवणारी. त्याला काकूंची गोष्ट ऐकवायला हवी. तू त्यांना ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत न्यायचीस तेव्हा रिक्षावाल्याला कळू नये म्हणून तीन हात नाक्याला उतरून उन्हात चालायचात. आपल्या वर्गात "ठाण्याला पाठवा हिला" म्हणत तेव्हा तू सगळ्यांत मोठ्याने हसायचीस. पहिली गोळी लागू पडली नाही, दुसरी पडली, आणि पुढे काकूंनी चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या. हे तू माझ्याकडून कुणालाही न सांगण्याची शपथ घेऊन सांगितलंस, आणि मी पाळलीय, ह्यांनाही माहीत नाही. म्हणून विचारते: अवीला सांगू का? की तू स्वतः सांगशील? तुझ्याकडून ऐकलं तर त्याला जास्त पटेल, तो अजून तुला घाबरतो.

सईची बारावी कशी चाललीय? सांगलीच्या घराला भाडेकरू मिळाला का? भाऊजींचं दात काढणं झालं का? सगळं सविस्तर कळव, मी आज घाईत आहे.

फोन करायचा तर त्यालाच कर, नऊनंतर, तेव्हा स्मिता मुलाचा अभ्यास घेते आणि तो एकटा असतो. पुढच्या शुक्रवारी त्याची डॉक्टरांकडे तारीख आहे. त्याआधी जमलं तर बघ.

तुझी,
मंजू